साखरपुड्याचा फोन

रविवारी सकाळी धसईतल्या आपल्या घरी देवकीबाई ओटीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. धाकट्या लेकाचा, भावेशचा, दुपारी साखरपुडा होता, तानसाकडच्या मितालीशी. ताटात साडी, नारळ, पेढे यांच्या जोडीला हल्ली मुलीसाठी मोबाइलही लागतो. नवरदेवाकडून तो आला नाही तर मुलीच्या मैत्रिणी नाकं मुरडतात, इतकी ही रीत आता अंगवळणी पडली आहे.

थोरली योगिनी मात्र लॅपटॉपपुढून हलली नव्हती. स्वस्तातले फोन ज्या मूळ प्रणालीवर चालतात, तिच्यातली खोट शोधून बुजवायचं काम ती एका कंपनीसाठी घरूनच करी. लेक दिवसभर नेमकं काय करते, हे तिच्या बापाला, राघोला, कधीच उमगलं नव्हतं.

मधली दर्शना आत आली. तिनं योगिनीचा मोबाइल उचलून पडवीत नेऊन ठेवला, आणि परत येऊन मगच हळू आवाजात विचारलं, “ताई, चहा घेशील?”

टोकावड्याच्या सासरहून चार महिन्यांपूर्वी परतल्यापासून ती फोन असलेल्या खोलीत बोलतच नसे. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक म्हणत. योगिनीला मात्र तसं म्हणवत नसे. सासरी असताना दर्शनानं तिला एकदा विचारलं होतं, “मी तुझ्याशी बोलते ते ह्यांना शब्दन्‌शब्द कसं कळतं गो?” आणि एवढी शिकलेली ताई म्हणाली होती, “भास होतायत तुला. झोपत जा नीट.” त्यानंतर दर्शनानं फोन करणंच सोडलं. तो प्रश्न काही योगिनीची पाठ सोडत नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी तिनं दर्शनाचा साखरपुड्यातला फोन तपासला, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. फोनमधल्या प्रत्येक अ‍ॅपचे अधिकार ठरलेले असतात. सगळ्या फोनवर हुकूम चालतो तो फक्त प्रणालीचा. पण प्रणालीतला एक जुना प्रोग्राम, तिचा कारभारीच म्हणा, भोळा निघाला. कुणीही येऊन ‘वरून हुकूम आहे’ म्हटलं, की ओळख न विचारता तो सगळ्या किल्ल्या हवाली करी. पंचांगाचं सोंग घेतलेलं एक अ‍ॅप त्याच वाटेनं मालक होऊन बसलं होतं, आणि दर्शनाचं सगळं बोलणं नवऱ्याच्या फोनवर पोचवत होतं. योगिनीनं कोडच्या अकरा ओळी लिहिल्या. आधी कोण आहेस ते सिद्ध कर, मगच किल्ली. ही दुरुस्ती येत्या गुरुवारी सगळ्या फोनांवर जाणार होती. तोवर खोट कुठे आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा या कामाचा नियम.

एवढ्यात भावेश मुरबाडहून नवा फोन घेऊन आला. बॉक्सचं सील फोडलेलं होतं.

“सील कुणी फोडलं रे?”

“दुकानवाल्यानं. सेट करून देतो तो. टाइम लागत नाय जास्त.”

“काय सेट करतो?”

भावेश हसला. “सगळेच करतात गो. बायको कुठं जाते, कोणाशी बोलते, कळायला नको? दर्शनाच्या टायमाला संदेश भावजींना मीच नेलं होतं त्या दुकानात.”

दारात दर्शना चहा घेऊन उभी होती. तिनं कप खाली ठेवला आणि परसात निघून गेली.

“आई, ऐकलंस?” योगिनी म्हणाली.

देवकीबाईंनी तांदळातून मान वर केली नाही. “मला ठाव होतं. वाटलं, पोरीवर लक्ष राहील. तिचं वाईट व्हावं म्हणून केलं काय आमी?”

दुपारी दर्शनाला घरीच ठेवलं. नवऱ्यानं टाकलेली पोर शुभकार्यात कशाला, म्हणून. गाडीत बसताना मागे वळून बघायचा योगिनीला धीर झाला नाही.

मुलाच्या बहिणीनं मुलीची ओटी भरायची आणि फोन तिच्या हातात द्यायचा, अशी रीत. तानसाकडच्या मांडवात योगिनीनं ओटी भरली, साडी दिली. फोन मात्र हातातच धरून ठेवला.

“दे की गो,” आई कुजबुजली.

“नाय देणार. मिताली, ह्या फोनात तुझ्यावर पाळत ठेवणारं अ‍ॅप टाकलंय, माझ्या भावानं. माझ्या बहिणीच्या फोनात पण होतं. ती मला विचारत होती, आणि मी तिलाच वेड्यात काढलं.”

खोट कुठे होती, हे तिनं सांगितलं नाही. तेवढा नियम तिनं पाळला.

“चारचौघांत अब्रू काढतेस?” राघो ओरडला. भावेशनं मान खाली घातली. मुलगी आता रडणार, पाटावरून उठणार, म्हणून सगळे मितालीकडे बघू लागले. तिनं पदर सारखा केला.

“मला सवय हाय, ताई,” ती शांतपणे म्हणाली. “माझ्या फोनात बाबांनी दहावीपासून टाकलंय.”

गुरुवारी आपलं काम संपेल, असं योगिनीनं धरलं होतं. ते किती थोडं होतं, हे तिला आता कळलं.

तेवढ्यात मितालीची आई, सरिता, गर्दीतून वाट काढत योगिनीजवळ आली. नवरा बघतोय हे दिसत असतानाही तिनं कमरेचा फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

“हा ह्यांनीच आणून दिलेला,” ती म्हणाली. “बघशील का गो?”