फुलीची पेटी

अबुधाबीच्या सांडपाणी प्रकल्पावरच्या नोकरीला उन्नतीनं होकार कळवून टाकला होता, पण आईला सांगायचं धाडस काही होत नव्हतं. बाप गेल्यापासून दिवाळे गावातल्या घरात दोघीच. शेवटी रविवारी सकाळी, आज सांगायचंच, असं ठरवून ती जेट्टीवर, मासळी विकणाऱ्या आईकडे निघाली.

वाटेत कॉलेजचे दिवस आठवत राहिले. तिनं पर्यावरण अभियांत्रिकी घेतली तेव्हा आईला, गोजराबाईला, वाटलं होतं, पोरगी झाडं लावायला शिकतेय. पोरगी तर बाटल्या घेऊन खाडीचं पाणी भरत फिरायची. ते प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बर्फात ठेवायचं असतं. गोजराबाई म्हणाली, बर्फ तो बर्फ, आणि तिनं बाटल्या म्हावऱ्याच्या पेटीत, बोंबलांच्या खाली, नीट दाबून ठेवल्या. श्यामसुंदर सरांनी झाकण उघडलं आणि अख्ख्या वर्गानं नाकाला रुमाल लावले. "हे खाडीचं पाणी आहे की कालवण?" सर म्हणाले. पोरं पोट धरून हसली. उन्नतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि घरी येऊन तिनं आईवर आग पाखडली.

गोजराबाईनं दुसऱ्या दिवशी नवी निळी पेटी आणली आणि झाकणावर लाल नेलपेंटनं फुली मारली. त्या पेटीत पुढं कधी कोलंबीचं सालसुद्धा पडलं नाही. वर्गातल्या निम्म्यांनी कॉम्प्युटरची नोकरी धरली, कोपरखैरण्याची मैत्रीण संघप्रिया परीक्षा देऊन सरकारी खात्यात गेली, उन्नती सल्लागार कंपनीत लागली. पण पाणी आणायचं म्हटलं की पेटी तीच. आई बाकीच्या बायकांना ऐटीत दटावायची, "हात नका लावू, ती पोरीच्या पान्याची हाय." काय दिवस होते ते!

जेट्टीवर गोजराबाई म्हावरं निवडत बसली होती. उन्नती तोंड उघडणार तोच तिची नजर खाली गेली. फुलीची पेटी उघडी होती आणि आत बर्फावर बोय मासे रचलेले होते.

"आय, हे काय केलंस?"

"संघप्रियाचा फोन आलता. तिला वाटलं, मना म्हाईत हाय." आईनं मान वर केली नाही. "आता तुला कशाला लागते ती?"

उन्नतीला रडू आवरेना. "वास जायचा नाही गं आता तिचा."

"ऱ्हाऊ दे वास. तू जा. परत येशील तवा नवी घेऊ."