वाव्रा कोचांच्या डाव्या हातातला तक्ता

मित्रांनो, माझ्या एका कोपऱ्याचं प्लास्टिक सुटलं आहे आणि माझी शाई तीन-चार ठिकाणी फिकी झाली आहे, तरी मी अजून वाचता येतो. मी एक जुना तक्ता आहे, फुटबॉलच्या डावांचा. हा फुटबॉल म्हणजे पायाने मारायचा गोल चेंडू नव्हे. आमच्या लिपोव्हा गावात, अमेरिकेतल्या नेब्रास्कात, चेंडू लांबट असतो. तो पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो. प्रत्येक प्रयत्नाआधी कोणता डाव खेळायचा हे कोच सांगतात. त्यासाठी त्यांना पंचवीस सेकंद मिळतात. उशीर झाला तर पंच पाच यार्ड मागे ढकलतात.

गावच्या शाळेचे कोच रोलंड वाव्रा यांनी सत्तावीस वर्षं कागदाशिवाय डाव सांगितले. समोरचे कोच हातात तक्ता घेऊन उभे राहिले की ते हसायचे. म्हणायचे, "ज्याला खेळ येतो त्याला कागद कशाला? मी काय बायकोचं नाव लिहून ठेवलंय?"

मग एका मार्चमध्ये, सकाळी दाढी करताना, त्यांच्या हातातला वस्तरा गळून पडला. आर्लीनबाई धावत आल्या. कोचांनी त्यांच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण बायकोचं नाव बाहेर येईना.

मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली होती. दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात जड झाला होता आणि शब्द गेले होते. त्यांना सगळं कळत होतं, सगळं आठवत होतं. पण जे म्हणायचं ते जिभेपर्यंत येऊन थांबायचं. शिव्यांतली मात्र एकही हरवली नव्हती. त्या अगदी स्पष्ट निघायच्या, आणि चर्चच्या पाद्रींसमोर निघाल्या तेव्हा आर्लीनबाईंना खाली पाहावं लागलं.

वाचा सुधारायला शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. ती चित्रांचे पत्ते दाखवायची. कप, कंगवा, किल्ली. कोचांनी तीन आठवडे सहन केलं. चौथ्या आठवड्यात त्यांनी डाव्या हाताने सगळे पत्ते टेबलावरून झाडून टाकले आणि परसात जाऊन बसले.

आर्लीनबाई शाळेच्या ग्रंथालयात काम करत. फुटबॉल त्यांना फारसा कळत नसे. सामन्याला त्या जायच्या त्या विणकाम घेऊन. त्या संध्याकाळी त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल नवऱ्यापुढे ठेवली.

"कप नको, कंगवा नको," त्या म्हणाल्या. "तुझा एखादा डाव काढ. कोणताही."

कोचांनी डाव्या हाताने आठ वाकडे गोल काढले, कारण आमच्यासारख्या छोट्या गावाच्या संघात आठच खेळाडू असतात, आणि मधून सरळ घुसणारा एक बाण.

"याचं नाव काय?"

कोचांचे ओठ हलले. मान लाल झाली. आर्लीनबाईंना ते नाव ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं. पण त्या बोलल्या नाहीत. कॉफी निवली, साय धरली, तरी त्या बसून राहिल्या.

"नां... नांगर," कोच म्हणाले.

सात आठवड्यांतला तो त्यांचा पहिला नेमका शब्द होता. आर्लीनबाईंनी तो कागदावर लिहिला आणि विचारलं, "आणि हा कधी खेळतोस?"

असा माझा जन्म सुरू झाला, मित्रांनो. रोज दोन डाव, कधी एक, कधी एकही नाही. जुलै संपेपर्यंत बासष्ट डाव जमले. नांगर, कोठाराचं दार, आंधळा घोडा, म्हातारीची थाप. आर्लीनबाईंनी ते चिठ्ठ्यांवर लिहून बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसरले आणि ग्रंथालयात पुस्तकं लावतात तसे विषयवार लावले. "थोडंच अंतर उरलंय" तेव्हाचे एका रांगेत. "खूप अंतर उरलंय" तेव्हाचे दुसरीत. चिखलातले वेगळे, शेवटच्या दोन मिनिटांतले वेगळे. प्रत्येक रांगेसमोर कोच बराच वेळ उभे राहायचे, बोटाने एक चिठ्ठी वर सरकवायचे, एक खाली. डोकं शांत असताना ते ठरवत होते, डोकं तापेल तेव्हा काय करायचं ते. एकदा त्यांनी एक चिठ्ठी उचलून फाडली. तो डाव त्यांनी सत्तावीस वर्षं खेळला होता आणि तो कधीच नीट चालला नव्हता.

शेवटी सगळं एका जाड कागदावर उतरलं. ग्रंथालयाच्या यंत्राच्या गरम रुळांतून मी प्लास्टिकच्या दोन थरांत बंद होऊन बाहेर पडलो. कोचांनी मला उजेडात धरून पाहिलं. मला वाटलं, आता हे मला सोडणार नाहीत.

माझा अंदाज चुकला.

ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. सोबत गॅव्हिन ह्लाडीक होता. गॅव्हिन कोचांच्याच हाताखाली खेळून मोठा झालेला, आता शाळेत शेतीचा विषय शिकवणारा आणि कोचांचा मदतनीस. मुख्याध्यापक चांगले होते, पण सरळ बोलले. "रोलंड, पोरांना डाव वेळेवर कळला पाहिजे. तीन सामने बघतो. नाही जमलं तर संघ गॅव्हिनकडे जाईल."

"मला नकोय तो," गॅव्हिन म्हणाला. "कोच बोट दाखवतील, मी ओरडून सांगेन. तक्ता आहे ना."

कोचांनी मान हलवली. पण पहिल्या सामन्याला त्यांनी मला पाण्याच्या पिंपामागे उभं करून ठेवलं. गावासमोर हातात कागद धरायची त्यांना लाज वाटत होती. मी तिथून फक्त त्यांचे बूट पाहत होतो. बूट पुढे जायचे, थांबायचे, मागे यायचे. मग पंचाची शिट्टी. पाच यार्ड मागे. पुन्हा शिट्टी. पाच वेळा असं झालं. सामना हरलो, तोही मोठ्या फरकाने.

दुसऱ्या दिवशी धान्याच्या गोदामाजवळ कॉफी प्यायला जमणारी मंडळी म्हणाली, "वाव्राचं झालं आता. माणूस चांगला होता." ते आर्लीनबाईंच्या कानावर आलं. त्यांनी घरी येऊन मला पिंपामागच्या धुळीसकट टेबलावर ठेवलं आणि ओल्या फडक्याने पुसलं.

"मी हा तुझ्यासाठी केला नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तू केलास. बासष्ट शब्द. एकेक शब्द कसा निघालाय ते मी पाहिलंय. लाज वाटत असेल तर ती मला वाटू दे, मी शेजारी उभी राहते."

दुसऱ्या सामन्याला कोचांनी मला डाव्या हातात धरलं. समोरच्या संघाचा कोच मैदान ओलांडून हस्तांदोलनाला आला आणि मला, हॉटेलातल्या मेनूकार्डासारख्या चकचकीत कागदाला, पाहून म्हणाला, "काय रोलंड, जेवायला काय मागवतोयस?"

कोचांच्या तोंडून एक शिवी निघाली, इतकी स्वच्छ आणि वेळेवर, की तो कोच हसतच सुटला. "बरा झालास म्हणायचा," तो म्हणाला आणि त्यांची पाठ थोपटून गेला.

त्या दिवशी गॅव्हिनने मला धरायचं, कोचांनी बोट ठेवायचं, गॅव्हिनने ओरडायचं, असं चाललं. एकदाही उशीर झाला नाही. सामना आम्ही तीन गुणांनी हरलो, पण मुख्याध्यापक उठून जाताना म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी येतो." तिसरा सामना जिंकलो. मग चौथा. संघाच्या विषयावर मुख्याध्यापक पुन्हा बोलले नाहीत. माझे सुखाचे दिवस सुरू झाले. दर मंगळवारी आर्लीनबाई मेणाच्या पेन्सिलीने माझ्यावर नवीन खुणा करायच्या, दर शनिवारी पुसायच्या. गोदामाजवळची मंडळी म्हणू लागली, "अहो, कागद तर मोठमोठे कोच वापरतात." मला फार बरं वाटायचं, हे मी लपवत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस शेवटचा सामना आला. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर हंगाम संपला. आमची पोरं सहा गुणांनी मागे होती. मध्यंतरात चिली नावाचा राजमा-खिम्याचा रस्सा आणि दालचिनीचे रोल खाऊन लोक परत बसत होते, तेवढ्यात गॅव्हिनच्या खिशातला फोन वाजला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या आणि दवाखाना चाळीस मैलांवर होता.

"मी सामना संपल्यावर जातो," गॅव्हिन म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "कोच, तुमच्या वतीने बोलणार कोण?"

कोचांनी त्याला एक शिवी घातली, गाडीच्या दिशेने ढकललं आणि मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

मग त्यांनी लेव्ही सेडलाचेकला बोलावलं. लेव्ही हा चेंडू हाती घेऊन डाव सुरू करणारा खेळाडू, सतरा वर्षांचा, हडकुळा, दुधाच्या गोठ्यावर वाढलेला. कोचांनी मला त्याच्यापुढे धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लेव्हीला समजलं. प्रत्येक प्रयत्नानंतर तो कडेला धावत यायचा, बोट पाहायचा, परत जायचा. धावून धावून त्याला धाप लागली. समोरच्यांनी आमच्याकडे बोटं दाखवली, कुणी हसलं. कोचांनी मला झाकलं नाही.

शेवटचे बावीस सेकंद उरले. चौथा प्रयत्न. तीन यार्डांवर मैदानाची शेवटची रेषा. आम्ही अजून सहा गुणांनीच मागे होतो; रेषा ओलांडली तर सहा गुण मिळून बरोबरी, आणि त्यानंतरच्या जादा संधीत वरचा एक गुण मिळाला तर जिंकलो. माझ्यावर त्या जागी पहिला डाव लिहिलेला होता, नांगर. जुलैमध्ये कोचांनी तोच सगळ्यात वर सरकवला होता. त्यांचं बोट तिथे गेलं.

लेव्हीने बोटाकडे पाहिलं आणि तो हलला नाही.

"कोच," तो धापा टाकत म्हणाला, "ते मधे दाटी करून उभे राहतायत. आपण दर वेळी इथे नांगरच लावतो, त्यांना माहितीय. मधून नाही जाता यायचं."

मित्रांनो, खरं सांगतो, मला राग आला. हे सगळं उन्हाळाभर विचार करून ठरवलं होतं आणि हा पोरगा दोन श्वासांत ते मोडायला निघाला होता. कोचांनी मैदानाकडे पाहिलं. मधे खरंच दाटी होती. त्यांचं बोट माझ्यावरून उचललं गेलं. ओठ हलू लागले. लेव्हीने शब्द सुचवला नाही. तो नुसता थांबला, आणि वर घड्याळ चाललं होतं.

"तू," कोच म्हणाले. "तू सांग."

आणि त्यांनी मला त्या पोराच्या हातात दिलं. लेव्हीची नजर माझ्यावरून भराभर फिरली. खालच्या कोपऱ्यात, चिखलाच्या रांगेत, एक डाव होता. त्यावर त्याने घामेजलेला अंगठा ठेवला. म्हातारीची थाप. मधून घुसल्याचं सोंग करायचं आणि चेंडू बाजूला टाकायचा. कोच हसले आणि त्यांनी मान डोलावली.

सगळे मधे कोसळले. चेंडू त्यांत नव्हता. बाजूला एकटाच उभा असलेला आमचा बुटका खेळाडू तो छातीशी धरून रेषेपलीकडे चालत गेला. मग वरचा एक गुणही मिळाला. आर्लीनबाईंचं विणकाम बसायच्या फळीखाली पडलं ते त्यांना दुसऱ्या दिवशी सापडलं. गॅव्हिनला मुलगी झाली, ती मात्र सामना संपल्यावर तीन तासांनी.

पुढच्या फेरीत आम्ही हरलो. पण त्याआधीच्या मंगळवारी कोचांनी लेव्हीला आणि आणखी चार पोरांना घरी जेवायला बोलावलं होतं, आणि माझ्यावरच्या खुणा त्या सगळ्यांनी मिळून केल्या होत्या. तेव्हा मला कळलं की मी हुकूम नाही. मी फक्त आठवण आहे. मैदानाकडे पाहायला डोळे लागतातच, आणि डोळे मोकळे राहावेत म्हणून मी आहे.

आणखी तीन हंगाम मी काम केलं. मग कोच निवृत्त झाले. गॅव्हिनने संघ घेतला आणि त्याने स्वतःचा तक्ता केला, नव्या डावांचा. त्यात चुकीचं काही नव्हतं. मी सामानाच्या खोलीत जुन्या शिरस्त्राणांखाली गेलो. तिथे उन्हाळ्यात फार उकडतं. दोन वर्षं कुणी मला हात लावला नाही. माझ्यावर एक जड पेटी ठेवली होती, तिच्या वजनाने कोपरा सुटला, आणि मी विचार करायचो की माझं काम इथेच संपलं.

एका सकाळी दार उघडलं. कोच स्वतः आले होते. त्यांचं बोलणं आता बरंच परतलं होतं, हळू, अडखळत, पण पुरेसं. त्यांनी पेटी बाजूला केली, मला सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि गाडीत शेजारच्या बाकावर ठेवलं.

आम्ही दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेलो. तिथे आर्लीनबाई आधीच आल्या होत्या, आणि मिलो पोस्पिशिल नावाचे एक गवळी आपल्या लेकीसोबत बसले होते, सत्तरीचे, मोठ्या हाडाचे. त्यांनाही कोचांसारखाच झटका आला होता. चाळीस गाई आणि एकीचंही नाव तोंडात येत नव्हतं. रागाने त्यांनी सकाळपासून कुणाशी बोलायचंच सोडलं होतं.

कोचांनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. "हे... माझे," ते म्हणाले. "बासष्ट. एकेक... निघाला."

मिलोंनी मला बराच वेळ पाहिलं. मग आर्लीनबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि मिलोंच्या लेकीने मोबाइलमधला एका गाईचा फोटो दाखवला. कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा तक्ता असेल. वही असेल, जुनी यादी असेल, कुणाच्या हातची चिठ्ठी असेल. तिच्यावर जड काही ठेवू नका. ओली झाली तर पुसा, कोपरा सुटला तर चिकटवा. आणि तुमच्यासमोर कुणी शब्द शोधत असेल, तर घाईने तो त्याच्या तोंडात घालू नका. कागद ठेवा, शेजारी बसा. कॉफी निवली तर निवू द्या.

ती चौघं वाट पाहत होती, मी पाचवा. मिलोंचा चेहरा लाल झाला.

"झुझा," मिलो म्हणाले. त्यांच्या लेकीने ते लिहून घेतलं, आणि पुढच्या गाईचा फोटो समोर धरला.