लेकीचा तास, मोठी डिश

डिश बसवणाऱ्या माणसाच्या घरची डिश वस्तीत सगळ्यात जुनी असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सिग्नलरावांचंही तसंच होतं. वस्तीने त्यांना हे नाव केव्हा चिकटवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण टेकडीवरच्या बहुतेक छपरांवरच्या डिश त्यांच्या हातच्या होत्या, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत.

आज मात्र घरच्या गंजक्या डिशवर भागणार नव्हतं. आज त्यांची लेक टीव्हीवर येणार होती. शाळांच्या वाहिनीवर विज्ञान शिकवायला तिची निवड झाली होती. डोंगरापलीकडच्या ज्या शाळांत केबल पोचत नाही, तिथली मुलं आकाशातून उतरणारा हा तास बघतात आणि फोनवरून प्रश्न विचारतात. तास थेट, पुन्हा दाखवायची सोय नाही. विषयही असा की सिग्नलरावांची छाती फुगावी: टीव्ही आपल्या घरात येतो कुठून. त्यांनी ही बातमी इतक्यांना सांगितली होती की शेजारची शिंपीण म्हणाली, "भाऊ, आता पोरीने टीव्हीवर यायची गरजच उरली नाही. सगळ्यांना ती पाठ झालीय."

अडचण एकच. ही वाहिनी वेगळ्या उपग्रहावरून येते. वस्तीतल्या सगळ्या डिश करमणुकीच्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेल्या.

"आपली जुनीच वळवा की त्या बाजूला," बायको म्हणाली.

"जुनी? लेकीला बघायला?" असं म्हणून त्यांनी दुकानातली सगळ्यात मोठी डिश घरी आणली आणि जुनी भंगारवाल्याला देऊन मोकळे झाले.

मोठ्या डिशची एक खोड असते. ती जास्त लहरी गोळा करते, भर पावसातही चित्र धरून ठेवते; पण तिची नजर अरुंद. केसभर हलली की उपग्रह हुकला. म्हणून तिचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. हे सिग्नलराव गिऱ्हाइकांनाही बजावत. त्या सकाळी मात्र ते हाताने पाना फिरवत होते आणि तोंडाने रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तासाची वेळ सांगत होते. बोलण्याच्या भरात शेवटचा बोल्ट त्यांनी एका दमात आवळला. कर्रकन आवाज झाला, बोल्टचे आटे गेले आणि डिशने मान टाकली.

"गेलं," बायको खिडकीतून ओरडली.

तिला हे ओरडणं नवं नव्हतं. लग्नानंतरची पहिली वर्षं दोघांनी मिळून हेच काम केलं होतं. ते छतावर डिश हलवत "आलं का?" विचारायचे, ती परक्या घरात टीव्हीसमोर उभी राहून "आलं", "गेलं", "जरासं आलं" असं सांगायची. लेक झाल्यावर तिचं जाणं थांबलं.

दुसरा बोल्ट दुकानात होता आणि दुकान टेकडीच्या पायथ्याशी. जाऊन येईपर्यंत तास आटोपला असता. तारेने बांधून पाहिलं, पण तार ताणली की डिश वळायची. शेवटी सिग्नलरावांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"आलं का?"

"जरासं... आलं. आता हलू नका."

खाली खोली माणसांनी भरली. तास सुरू झाला. वर वारा एवढा होता की लेकीचा आवाज नुसता ऐकू यायचा, शब्द कळत नव्हते. "कशी दिसतेय?" त्यांनी विचारलं. "छान दिसतेय, गप्प उभे राहा," खालून उत्तर आलं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. सगळ्या वस्तीला बोलावणारा माणूस तेवढा टीव्हीकडे पाठ करून उभा होता, आणि तेही स्वतःच्या बडबडीपायी.

मग शिडी वाजली. बायको वर आली होती.

"निम्मा झाला. व्हा बाजूला."

"तू हलवशील."

"तेव्हा घरोघरी 'आलं, गेलं' मीच सांगत होते ना? मग ते कुठे असतं ते मला कळत नाही का? जा आधी."

ते शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आले. पडद्यावर लेक हातात पृथ्वीचा गोल घेऊन उभी होती. कुठल्याशा शाळेतल्या मुलीने फोनवर विचारलं, "उपग्रह खाली पडत कसा नाही?"

सिग्नलरावांनी जन्मभर त्या उपग्रहांकडे डिश रोखल्या होत्या, पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता.

"तो सारखा पडतोच आहे," लेक हसून म्हणाली. "पण पुढेही इतक्या वेगाने पळतोय, की पडता पडता पृथ्वीला वळसा घालतो. पृथ्वीची एक गिरकी होते, तेवढ्यात त्याचा एक फेरा होतो. म्हणून तो आपल्याला एकाच जागी वाटतो, आणि डिश एकदा नीट बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही."

ही एवढी मोठी गोष्ट आपल्या पोरीने चार वाक्यांत सांगितली, आणि डोंगरापलीकडच्या कुणाच्या तरी पोरीला ती आत्ता कळली.

"आहे का?" वरून हाक आली. ते पडद्यात इतके गुंतले होते की त्यांना ती ऐकूच आली नाही. चित्र गेलं असं समजून बायकोने डिश सरकवली आणि लेकीचे चौकोनी तुकडे झाले.

"हलवू नकोस! होतं तिथेच आण," शिंपीण खिडकीतून किंचाळली.

चित्र परत आलं. उरलेला तास सिग्नलरावांनी उभ्याने बघितला.

तास संपला आणि जरा वेळाने लेकीचा फोन आला. बायको तोवर खाली आली होती, खांदे चोळत बसली होती. त्यांनी फोनचा स्पीकर लावला.

"बाबा, पूर्ण बघितलात ना?"

"पूर्ण बघितला," सिग्नलराव म्हणाले. "निम्मा आईने, निम्मा मी. एकाला वर डिश धरावी लागली. बोल्ट मी एका दमात आवळला."

लेक हळूच म्हणाली, "आई, सुरुवातीला मी फार अडखळले गं. सगळ्यांच्या लक्षात आलं असेल."

सिग्नलरावांनी बायकोकडे पाहिलं, कारण सुरुवात तिच्या वाटणीची होती. शिंपिणीनेही पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

"माझ्या निम्म्यात तरी," बायको म्हणाली, "कुणी अडखळलं नाही."