बत्तीस जोड्या

पडद्यावर लाल कुलूप आलं. त्याखाली मजकूर होता: या वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही, तुमची माहिती कोणीतरी मध्येच चोरत असण्याची शक्यता आहे. आणि दोन बटणं. ‘मागे जा’ ठळक निळं, ‘तरीही पुढे जा’ बारीक, राखाडी, नजरेतून सुटावं असं.

सव्वा वाजला होता. मी वाचनालयातल्या माझ्या टेबलाशी बसले होते. तिथून सहा तासांच्या अंतरावर, बाबांच्या भाड्याच्या घरात, दादा आणि वहिनी सामान बांधत होते. चारला टेम्पो, पाचला घरमालकाच्या हातात किल्ल्या. कपाटात बाबांनी बसवलेला छोटा संगणक तोवरच चालू राहणार होता. एकदा वीज गेली की त्याची डिस्क कुलूपबंद व्हायची, आणि ते उघडणारा शब्द बाबांनी कुठेच लिहून ठेवला नव्हता. त्यावर चालणाऱ्या वेबसाइटचा पासवर्ड तेवढा माझ्याकडे होता. आत एकशे बारा ध्वनिफिती होत्या. शेवटच्या वर्षात बाबा अधूनमधून सकाळी बसून बोलत असत: नोकरीतले किस्से, आईबद्दल, असंच काहीबाही. दुसरी प्रत नव्हती. मी त्यातली एकही ऐकली नव्हती. ते होते तोवर घाई वाटली नाही.

सगळं उतरवून घ्यायला दोन तास लागणार होते. मी दादाला फोन केला.

“अगं, दाब ना ते पुढे जा. आम्ही सगळे दाबतो. काही होत नाही.”

“बाबांनी दाबलं नसतं.”

“बाबांचं काय घेऊन बसलीस! ते मापाचा शिक्का बघितल्याशिवाय पावशेर बटाटे घ्यायचे नाहीत. आई लाजून चार पावलं लांब उभी राहायची.”

बाबा वजनमापे निरीक्षक होते. एकोणतीस वर्षं त्यांनी दुकानांचे काटे तपासले. निवृत्तीनंतर हे यंत्र लावलं आणि त्याचं प्रमाणपत्रही स्वतःच बनवलं. घरी बनवलेल्या प्रमाणपत्राला ब्राउझर भीक घालत नाही, त्यामुळे इशारा पहिल्या दिवशीही आलाच होता. पण प्रत्येक प्रमाणपत्राचा एक ठसा असतो, अक्षरं-आकड्यांच्या बत्तीस जोड्यांचा, आणि दुसऱ्या कोणाला तो जमवता येत नाही. बाबांनी तो फोनवर एकेक जोडी करून वाचला. मी वहीत लिहिला. मग त्यांनी मला उलट वाचायला लावलं. “आपला काटा आपण तपासला तर तो तपासला म्हणत नाहीत,” ते म्हणाले.

ती वही समोर होती. पडद्यावरची पहिलीच जोडी वेगळी निघाली.

“दादा, घरमालकांना एक दिवस मागशील? मी आज रात्रीच्या गाडीने येते. यंत्राला थेट जोडून उतरवून घेईन.”

“तिसऱ्यांदा तोंड वेंगाडू? उद्या सकाळी त्यांचे नवे भाडेकरू येतायत. मी नाही विचारणार. तूच बोल हवं तर.”

मी बोलायला तयार होते, पण ते ऐकतीलच असं नव्हतं. इकडे वाचनालयाचं वायफाय सगळ्यांना खुलं. मध्ये कोणी बसला असला आणि मी पासवर्ड लिहिला, तर तो आत शिरून सगळं पुसू शकत होता. मी प्रमाणपत्राचा तपशील उघडला. ते गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला, सकाळी पावणेबाराला बनलेलं होतं. मोबाइलवरची जुन्या कॉलची यादी खाली सरकवत नेली. अकरा तारीख, बारा वाजता, बाबा, बावीस सेकंद.

“कागद-पेन घे जरा,” ते म्हणाले होते.

“बाबा, मीटिंग आहे. संध्याकाळी करते.”

संध्याकाळी मी केला नाही. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात दाखल झाले आणि हा विषय मागे पडला तो पडलाच.

माझा हात माउसवर गेला होता. पण तारीख काय, कोणीही हवी ती घालू शकतं. बाबांनी असल्या पुराव्यावर कुठल्या दुकानदाराला सोडलं नसतं.

“वहिनीला दे,” मी म्हणाले.

वहिनी धापा टाकत आली. “बोला वन्सं. तुमच्या भावाने पुस्तकांची खोकी माझ्या गळ्यात मारलीयेत.”

“कपाटातल्या यंत्रावर काही चिकटवलंय का बघ ना.”

खोकी सरकवल्याचा आवाज आला. “वर काही नाही... थांब, बुडाशी चिठ्ठी आहे. अक्षरं-आकड्यांच्या दोन ओळी. वरची ओळ एकच आडवी रेघ मारून खोडलीय, शेजारी तारीख आणि सही. अगदी सरकारी काम! खालची ओळ चार एफ, ए नऊ—”

पडद्यावरही चार एफ, ए नऊ होतं.

“जुळलं ना? मग झालं तर.”

“सगळ्या वाच.”

“बत्तीस? अगं, टेम्पोवाला येईल!”

“सगळ्या.”

तिने वाचल्या. मी पडद्याकडे न बघता वहीत लिहिल्या, मग तिला उलट वाचून दाखवल्या. एकोणिसावीला ती अडखळली, चष्मा शोधून आणला आणि पुन्हा सुरू केलं. मागून दादा म्हणाला, “वजनमापवाल्याची लेक शोभतेस खरी.” मग मी वही पडद्याशेजारी धरली. बत्तीसच्या बत्तीस.

“खाली आणखी काहीतरी आहे,” वहिनी म्हणाली. “‘वाचणार’ समोर बाबांची सही, दोन्हीकडे. ‘ऐकणार’ समोर वरच्या ओळीत तुझं नाव. खालच्या ओळीत जागा मोकळी आहे. लिहू का मी?”



“नको. ज्याने ऐकलं त्यानेच लिहायचं असतं. चिठ्ठी फाटू न देता सोडव आणि माझ्यासाठी ठेव.”

मी ‘तरीही पुढे जा’ दाबलं आणि पासवर्ड लिहिला.

तीन चाळीसला शेवटची फीत उतरली. दादाचा फोन आला. “टेम्पो दारात उभा आहे. करू का बंद?”

“एक मिनिट.” मी एकशे बारा मोजल्या. प्रत नीट उतरली आहे का हे बघायला एक तरी उघडायला हवी होती. मधली कुठलीतरी उघडली. बाबा खाकरले, त्यांनी वार आणि तारीख सांगितली, खुर्ची पुढे ओढली.

मी तिथेच थांबवलं.

“कर,” मी म्हणाले.