पाइप तापले की वाजतात

"अहो बॉयलरकाका, जोर लावा की! का हात गेले तुमचे?"

"हात जागेवर आहेत बाई. तुमची खिडकीच हट्टाला पेटलीय."

बॉयलरकाकांनी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा चौकटीच्या फटीत खुपसला आणि वरून हातोडी मारली. रंगाचा एक टवका उडाला, बाकी काही नाही. गेल्या थंडीत या फटीतून वारा शिट्ट्या मारतो अशी मास्तरीणबाईंची तक्रार होती. तेव्हा काकांनीच रबराची पट्टी बसवून वर फटी बुजवायचा मसाला भरला होता आणि मिशीवर ताव देत सांगितलं होतं, आता मुंगीसुद्धा आत शिरायची नाही. ते काम इतकं चोख झालं होतं की आज त्यांचं त्यांनाच ते उकलेना.

शहरच थंडीचं. इथली घरं बांधणाऱ्यांनी एकाच शत्रूचा विचार केला होता. जाड भिंती, दुहेरी काचा, आणि मिळेल तेवढं ऊन शोषून घ्यावं म्हणून डांबर फासलेलं काळं छप्पर. तळघरात बॉयलर. त्यातलं गरम पाणी लोखंडी पाइपांमधून सहा मजले चढायचं आणि प्रत्येक खोलीत खिडकीखालच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, हीटरमधून फिरून परत खाली यायचं. पंखा मात्र अख्ख्या इमारतीत एकाही घरात नव्हता. लागलाच नव्हता कधी. आणि आता आठवडाभर असं ऊन पडलं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. पहाटेपासून वीज नव्हती, लिफ्ट मध्येच कुठेतरी अडकून पडली होती. सहाव्या मजल्यावरच्या या खोलीत सकाळीच भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटत होतं.

"काच फोडतो," काका म्हणाले.

"खबरदार! थंडीत काय तुम्ही पाठ लावून उभे राहणार आहात तिथे? काच बसवून द्यायला माणूस येत नाही हल्ली."

"मग खाली चला. तळघर गार आहे, सगळ्यांना तिथेच नेतोय. खुर्चीत बसवून दोघं जण अलगद उतरवू."

"मला चौघांच्या खांद्यावरून एकदाच उतरायचंय. त्याची रंगीत तालीम नको." बाई हसल्या. गुडघे पार गेलेले, पण जिभेची धार शाळेत होती तशीच. निम्म्या गल्लीचे कान त्यांनी पिळले होते. काकांच्या मुलाचेसुद्धा. तो दूरदेशी नोकरीला गेला तेव्हा निरोपाच्या वेळी तो आईच्या इतकाच बाईंच्या गळ्यात पडून रडला होता, हे काका विसरले नव्हते.

त्यांनी पाण्याचा जग भरून बाईंच्या हाताशी ठेवला, टॉवेल ओला करून त्यांच्या मानेवर टाकला.

"काही वाटलं तर लगेच फोन करा. दुपारी मी चक्कर मारतोच."

"जा हो. बाळंतिणीला बघा आधी. मी काय, पिकलं पान."

काका निघाले, पण काच तशीच राहिली. आयुष्यभर या इमारतीत वारा आत येऊ न देणं हेच त्यांचं काम. धडधाकट काच फोडायला हातच धजला नाही.

तळघरात एरवी कोणी पाऊल टाकत नसे. आज तिथे मेळा भरला होता. दुसऱ्या मजल्यावरची बाळंतीण तान्ह्या मुलीला घेऊन बॉयलरच्या आडोशाला बसली होती. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी बॉयलरलाच पाठ टेकून बसला होता आणि त्याचं तोंड चालूच होतं.

"काका, इतकी वर्षं तुम्ही एकट्यानंच ही थंड हवा खाल्लीत होय? आणि आम्हाला वाटायचं, बिचारा खाली होरपळतोय!"

सगळे हसले. काकांच्या बायकोनं, काकूंनी, मीठ-साखरेचं पाणी केलं होतं, ते त्या वाटत होत्या. काका मात्र खालीवर करत होते. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना पाठुंगळीला घेऊन आणलं. बाळंतिणीच्या गाद्या आणल्या, कुणाची औषधं, कुणाची काठी. दुपार झाली तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. ते पायरीवर बसले, फोन समोर स्टुलावर ठेवला.

"बाईंकडे जाऊन येताय ना?" काकूंनी विचारलं.

"जातो. पाय जरा सुटे होऊ देत. फोन आलेला नाही, म्हणजे ठीक असणार."

तेवढ्यात पाइप वाजला.

टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्, टक्. भिंतीलगतच्या जाड उभ्या पाइपातून आवाज खाली येत होता. बाळंतिणीनं मुलीला छातीशी धरलं.

"काय आहे ते? छप्पर तर नाही ना पडत?"

"अगं पोरी, घाबरू नकोस," काका म्हणाले. या एका बाबतीत त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? "लोखंड आहे ते. तापलं की फुगतं, फुगलं की वाजतं. वर छपरावर ऊन मरणाचं आहे ना, तिथला पाइप तापलाय. थंडीत पहिल्यांदा बॉयलर पेटवतो तेव्हा असंच बोलतात सगळे पाइप."

"म्हणजे आता सूर्यच बॉयलर झालाय म्हणा," शिंपी म्हणाला. "काका, तुमची नोकरी गेली!"

पुन्हा सगळे हसले. काकाही हसले.

काकू मात्र पाइपाकडे बघत राहिल्या. "अहो, कोणी ठोकत तर नाही ना?"

ठोकण्याची पद्धत होती इमारतीत, नाही असं नाही. ती बाईंनीच पाडली होती, फोन घरोघरी यायच्या आधी. थंडीतल्या सकाळी गरम पाणी सहाव्या मजल्यावर पोचलं की बाई हीटरवर आमटीच्या डावानं दोनदा ठोकायच्या. ठण ठण. म्हणजे ऊब पोचली. खालून काका पान्यानं दोनदा ठोकून उत्तर द्यायचे. पण ते थंडीतलं. आणि बाईंचं ठोकणं म्हणजे फळ्यावर छडी मारल्यासारखं, खणखणीत. हे असं अडखळत, रडतखडत कोण ठोकेल?

"बॉयलर बंद असताना पाइपावर कशाला कोण ठोकेल?" काका म्हणाले. "आणि फोन आहे की बाईंकडे."

टक्. टक्, टक्. असं किती तरी वेळ चाललं होतं. लोकांना त्याची सवयही झाली. तान्ही मुलगी त्या आवाजातच झोपली. काकांनी भिंतीला डोकं टेकलं आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती शांततेनं. पाइप गप्प होता.

"थांबलं एकदाचं," शिंपी म्हणाला. "ऊन उतरलं वाटतं. निवला तुमचा पाइप."

काका मान हलवणार होते. पण तेवढ्यात ते थबकले.

तापताना वाजतो तो पाइप निवतानाही वाजतो. आकसताना जास्तच वाजतो. रोज रात्री बॉयलर मंद केला की तासन्तास कुरकुर चालते, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. असा एका दमात गप्प होतो तो पाइप नव्हे.

त्यांनी फोन उचलला. पडद्यावर नेटवर्कची एकही रेघ नव्हती. वीज गेली तसं ते कधी गेलं, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काकांनी भिंतीवरचा पाना ओढून काढला आणि पाइपावर दोनदा हाणला. ठण ठण. सगळे दचकले, मुलगी रडायला लागली.

"गप्प बसवा तिला!" काका ओरडले. त्यांना असं ओरडताना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी पाइपाला कान लावला. पुन्हा ठोकलं. वरून उत्तर आलं नाही.

सहा मजले ते कसे चढले, त्यांचं त्यांना ठाऊक. पाठीमागे शिंपी धापा टाकत येत होता. प्रत्येक मजल्यावर हवा जाड होत गेली. सगळ्या घरांच्या किल्ल्या काकांच्या कमरेला असत. त्यांना किल्ली कुलपात घालता येईना, तेव्हा शिंप्यानं ती त्यांच्याकडून घेतली.

बाई खिडकीखाली जमिनीवर बसल्या होत्या, हीटरला गाल टेकून. बीड तेवढं त्यांना गार लागलं असावं. जग रिकामा होता. फोन मांडीवर होता. उजव्या हाताजवळ डाव पडला होता आणि हीटरच्या पांढऱ्या रंगावर, हात पोचेल तेवढ्या जागेत, नवे नवे टवके उडालेले होते. काकांनी त्यांचं मनगट धरलं. खोलीतल्या उष्म्यानं ते अजून गरमच होतं, त्यामुळे आशेनं त्यांनी ते फार वेळ धरून ठेवलं. शेवटी शिंप्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका. सोडा."

सकाळची हातोडी खिडकीतच राहिली होती. काकांनी ती उचलली आणि काच फोडली. आतली फोडली, मग बाहेरची फोडली, मग चौकटीत राहिलेले तुकडेही एकेक करून पाडले.

थंडी आली, कधी नव्हे ती उशिरा. सहाव्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं होतं. काकांनी नवी काच बसवून दिली, पण वाऱ्याच्या शिट्ट्या येतात अशी त्यांचीही तक्रार होती आणि फट तेवढी बुजवून द्या म्हणून ते मागे लागले होते. काका दर वेळी "बघतो" म्हणत आणि बघत नसत.

पहिल्या दिवशी बॉयलर पेटवला तेव्हा काकू डबा घेऊन खाली आल्या होत्या. पाणी वर चढायला लागल्यापासून पाइप बोलतच होते. टक्. टक्, टक्.

काकांनी घास खाली ठेवला.

"पाइप आहे हो," काकू हळूच म्हणाल्या. "तापतोय."

"हो. पाइपच आहे," काका म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

लिफ्ट चालू होती, पण तिच्या घरघरीत पाइप ऐकू येत नाही म्हणून ते जिन्यानं गेले. सहाव्या मजल्यावर नव्या जोडप्यातल्या मुलीनं दार उघडलं. तिच्या हातात पुस्तक होतं, अंगात लोकरीचा स्वेटर.

"काका, मघाशीच तर येऊन गेलात. आम्ही नाही ठोकलं."

"ऊब पोचली ना?"

"पोचली की. छान पोचली."

"बरं," ते म्हणाले. दार लागलं. काका वरच्या पायरीवर टेकले, दम खाल्ला, आणि उतरायला उठले तोच पाइप पुन्हा वाजला. ते परत दाराशी जाऊन उभे राहिले.