उत्पन्नाचा रकाना

देवकाचा फॉर्म चार दिवसांपासून दुकानात लोखंडी गजाखाली पडून होता. लुगडं मोजायला केशवराव गज उचलत, तेव्हा फॉर्म पंख्याच्या वाऱ्याने फडफडे. मोजून झालं की पुन्हा त्याच्यावर गज ठेवत. पण फॉर्म काही वाचत नसत.

सानगडीच्या बाजारगल्लीत केशवरावांचं कापडाचं छोटं दुकान होतं. गावाबाहेर तीन एकर धानाची शेती होती. पदरी दोन मुली, मुलगा नाही. थोरली चंद्रकला मॅट्रिक होऊन पाच वर्षं घरीच होती. धाकटी देवका यंदा, म्हणजे एक्याऐंशी साली, साकोलीहून सायन्स घेऊन बारावी झाली होती, तीही पहिल्या वर्गात. भंडाऱ्याच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं, पण शनिवारपर्यंत एकतर पूर्ण फी भरायची, नाहीतर फीमाफीचा फॉर्म उत्पन्नाच्या दाखल्यासकट द्यायचा होता. त्या फॉर्मला सगळे ईबीसी म्हणत. मंगळवार उजाडला तरी तो कोराच होता.

"बाबा, आज पटवाऱ्याकडं जाता का?" देवकाने जेवताना विचारलं.

"जाईन ना. पळून चालला का पटवारी?"

"शनिवार शेवटला दिवस आहे."

"मले सांगू नको शनिवार कधी येते ते," केशवराव म्हणाले आणि अर्धी भाकर ताटात टाकून उठले.

सुशीलाबाईंनी ताट उचललं. चंद्रकलाने तेव्हाच ओळखलं की बापाचं पाऊल का अडतं आहे. दुपारी दुकानात बाप डुलकी घेत होता, तेव्हा तिने फॉर्म हळूच काढून पाहिला. पालकाचे वार्षिक उत्पन्न, असा एक रकाना. खाली पटवाऱ्याची सही. सगळी गोम तिथे होती.

तीन आठवड्यांपूर्वी करडीचे भय्याजी आपल्या मुलासाठी चंद्रकलाला पाहायला आले होते. मुलगा घनश्याम शहापूरच्या शाळेत मास्तर. बैठक चांगली रंगली. आणि रंगता रंगता केशवरावांच्या तोंडून निघून गेलं, की शेती आठ एकर आहे, दुकान धरून वर्षाचे बारा हजार कुठे जात नाहीत. आंदणात रेडिओ आणि मनगटी घड्याळ देऊ, हेही त्यांनीच आपणहून सांगून टाकलं. भय्याजींनी मान डोलावली. त्यांच्या बाजूला त्यांचे मेहुणे पुंडलिकराव सुपारी चघळत बसले होते. हे पुंडलिकराव म्हणजेच सानगडीचे पटवारी. त्यांनीच हे स्थळ आणलं होतं.

आता त्याच पुंडलिकरावांपुढे जाऊन चार हजारांचा दाखला मागायचा होता. चार हजार हाच खरा आकडा. बारा लिहिला तर फी माफ होत नव्हती, आणि चार लिहिला तर लग्न मोडण्याची भीती.

चंद्रकलाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिने एकदा झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. तांदूळ निवडायला घेतले आणि तसेच ठेवून दिले. घनश्याम तिला आवडला होता. पोहे तिखट झाले होते, तरी त्याने संपवले, मग हळूच दुसऱ्यांदा पाणी मागितलं आणि तिच्याकडे पाहून ओशाळं हसला. तेवढंच. पण तेवढ्याने तीन आठवडे तिचं मन शहापूरच्या रस्त्याने जात-येत होतं. आणि देवका तर दिवसभर बारावीचीच पुस्तकं उघडून बसायची, जणू परीक्षा अजून व्हायची आहे.

संध्याकाळी केशवराव आडून आडून म्हणाले, "एक वर्ष थांबली तर काय बिघडते? चंदीचं लग्न एकदा होऊन जाऊ दे."

देवकाने मान वर केली नाही. चंद्रकलाला मात्र भलताच राग आला. आपल्या लग्नाच्या नावावर हे खपवू नये, असं तिला वाटलं. शिवाय दुसरीही एक गोष्ट तिच्या मनात होती, आणि ती बहिणीच्या मायेची नव्हती. लग्न झाल्यावर आज ना उद्या करडीला कळणारच होतं. तेव्हा बाप इथे दुकानात बसलेला असेल. त्या घरात चुलीपुढे ऐकून घ्यायला आपणच असू.

बुधवारी केशवराव माल आणायला साकोलीला गेले. चंद्रकलाने गजाखालचा फॉर्म काढला, डोक्यावर पदर घेतला आणि पटवाऱ्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

कचेरी म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली. पुंडलिकराव एकटेच होते. ठरलेली नाही आणि मोडलेलीही नाही अशी सोयरीक, त्यामुळे ते क्षणभर गांगरले.

"तू कायले आली? केशवराव कुठं गेले?"

"साकोलीले गेले. काकाजी, देवकाचा दाखला पाहिजे होता." तिने फॉर्म पुढे केला. "उत्पन्न चार हजार आहे. तीन एकर जमीन. बाबा त्या दिवशी जे बोलले, ते खरं नव्हतं."

पाठ करून आणलेलं एका दमात बोलून ती थांबली. पुंडलिकरावांनी चष्मा लावला, फॉर्म पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"बाई, या गावचे सातबारे माझ्याजवळ राहतात. तुझ्या बापाची जमीन किती, हे मले त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. स्थळ दाखवायच्या आधीच भय्याजीले मी सगळं सांगतलं होतं. तीन एकर आणि दुकान."

चंद्रकलाला आधी नीट कळलंच नाही. "म्हणजे त्यायले माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर आले. पोरगी चांगली, घर चांगलं. बाकी बैठकीत बाप लोक वाढवून सांगतात आणि कचेरीत कमी करून. माझ्या नोकरीले एकवीस वर्षं झाली. कोणाले टोकत बसू?"

त्यांनी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. फॉर्म परत देताना खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं मात्र बापाची सही लागते. वर लिहिलेलं खरं आहे म्हणून. ते काम माझं नाही."

घरी येईपर्यंत चंद्रकला आनंदात होती. बाबांना सांगितलं की झालं, असंच तिला वाटलं. त्या उतावळेपणात तिने संध्याकाळी बापाला पाणी देता देता सगळं सांगून टाकलं आणि फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. केशवरावांनी पेला खाली ठेवला.

"त्यायले माहीत होतं?"

"हो."

"आणि मी आठ एकर म्हणालो तेव्हा?"

चंद्रकलाने खाली ठेवलेला पेला उचलला.

"बसून ऐकून राहिले होते," केशवराव म्हणाले. "भय्याजी मान डोलावून राहिला होता. मी बोलत होतो आणि ते मान डोलावून राहिले होते."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं पुढे सुशीलाबाई म्हणत. रात्री जेवले नाहीत. गुरुवारी दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक आलं तर धोतर दाखवायच्या जागी लुगडं काढत. देवकाने दोनदा दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन पाहिलं आणि सही न मागता परत आली. तिने चंद्रकलाला विचारलं, "ताई, तू काहून सांगतलं? नुसती सही घेतली असती तर?"



शुक्रवारी पहाटे केशवराव धुतलेलं धोतर नेसले, दाखल्यासकट फॉर्म घडी करून खिशात घातला आणि पहिल्या गाडीने निघून गेले. कुठे जाता, म्हणून सुशीलाबाईंनी विचारलं, तर "करडीले" एवढंच म्हणाले. सोयरीक मोडायला गेले की टिकवायला, हे तिघींपैकी कोणालाही सांगता येईना. आणि फॉर्म तर त्यांच्याच खिशात.

संध्याकाळची गाडी आली. त्यातून केशवराव उतरले नाहीत. चंद्रकला आणि देवका थांब्यावरून परत आल्या, तेव्हा मायने वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी देवकाने आंघोळ करून कॉलेजला जायचे कपडे घातले आणि कुठेच जायचं नसताना ओसरीवर बसली. दहा वाजले, अकरा वाजले. भंडाऱ्याचं कॉलेज एक वाजता बंद होणार होतं. एक वाजून गेल्यावर ती आत गेली, कपडे बदलले आणि मायसोबत तांदूळ पाखडायला बसली. चंद्रकला तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नाही. सगळं आपणच बिघडवलं, असं तिला वाटत होतं. बोलायची घाई केली नसती तर निदान एक तरी काम झालं असतं.

पाचच्या गाडीने केशवराव आले. खिशातून एक पावती काढून त्यांनी देवकाच्या हातात दिली. कॉलेजची होती, फॉर्म मिळाल्याची.

"शेवटले आम्हीच होतो," ते म्हणाले. "बाबू खिडकी बंद करून राहिला होता."

"आम्ही म्हणजे?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"घनश्याम होता संगं."

मग पाणी पिऊन त्यांनी थोडं थोडं सांगितलं. करडीला जाऊन भय्याजींना ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते की जमीन तीन एकर, उत्पन्न चार हजार, बाकी मी आपल्या मनचं बोललो. माहीत आहे, असं भय्याजी म्हणाले नाहीत. जेवून घ्या म्हणाले, मुक्काम करा म्हणाले, आणि सकाळी घनश्यामला त्यांच्यासोबत भंडाऱ्याला धाडलं. लग्न ठरल्यासारखंच, दिवाळीनंतर. फक्त जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "रेडिओ आणि घड्याळाचं मात्र पक्कं ना?" आणि केशवराव हो म्हणून आले होते.

"आणि देवकाच्या होस्टेलचे पैसे? ते तर माफ होत नाहीत," चंद्रकलाने विचारलं.

"तेही जमलं." केशवरावांचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला. "घनश्यामच बोलला. शहापूरहून भंडारा किती दूर आहे? लग्न झालं की देवका आमच्याजवळच राहील, म्हणे. दिवाळीपर्यंत चार महिने होस्टेलात काढू कसे तरी."

देवका हसली. सुशीलाबाईंनी देवाला हात जोडले. चंद्रकला उठून आत गेली.

घनश्यामची शहापुरातली खोली एकच होती, हे तिला पटवाऱ्याकडून कळलं होतं. एक खोली, पुढे पडवी. तिने पाच वर्षं बापाच्या घरात पडेल त्या कामाला हात लावला होता, आणि आता आपल्या म्हणाव्या अशा पहिल्या खोलीत बहिणीचं अंथरूण आधीच घातलेलं होतं. याचं वाईट वाटतं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटूनही वाईट वाटायचं थांबेना. दोन दिवस तिने तसेच काढले. तिसऱ्या दिवशी पोस्टातून एक कार्ड आणलं आणि घनश्यामला लिहिलं. लग्नाआधी मुलीने मुलाला पत्र लिहायची रीत नव्हती, म्हणून तिने घरी कोणाला सांगितलं नाही, आणि कार्डात गोड असं काही लिहिलंही नाही.

"देवका आपल्याकडे राहावी असे तुम्ही म्हणालात, ते चांगल्या मनाने. पण मला ते नको आहे. ती होस्टेलात राहील. तुमच्या वडिलांना रेडिओ पाहिजे आहे. बाबांकडून दोन्ही होणार नाही. तुम्ही काय ते कळवा. चंद्रकला."

मास्तराच्या नावाचं उघडं कार्ड शहापूरचा पोस्टमन वाचणार, हे तिला पेटीत टाकल्यावर सुचलं. मग आठ दिवस ती सायकलच्या घंटीने दचकत होती. हे नको, ते नको म्हणणारी मुलगी त्याला चालेल का? नाही चालली तर? देवकाला काय सांगायचं? पोस्टमन रोज सायकलवरून समोरून निघून जाई.

नवव्या दिवशी उत्तर आलं. तेही कार्डच होतं, आणि केशवरावांच्या नावाने. त्यांनी ते दुकानात मोठ्याने वाचलं. रेडिओ नको, शेजाऱ्यांचा दिवसभर ऐकू येतो, वडिलांना मी सांगितलं आहे. घड्याळ मात्र चालेल, शाळेत लागते. देवकाबाईंना होस्टेल बरे, अभ्यास होतो. चंद्रकलाचं नाव कुठेच नव्हतं.

"याले एकदम काय झालं?" केशवराव म्हणाले, आणि त्यांनी थोरलीकडे पाहिलं. ती धोतरांच्या घड्या सारख्या करत होती. त्यांनी कार्ड गजाखाली ठेवून दिलं.

रेडिओसाठी ठेवलेले पैसे होस्टेलला गेले. दुसऱ्या सहामाहीचं काय, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं. फीमाफी मंजूर झाल्याचा कागद थेट जानेवारीत आला, तोवर देवका रोज कॉलेजच्या फळ्यावर नावांची यादी पाहून येत असे.

डिसेंबरात लग्न झालं. वाजंत्री होती, पण पंगत एकच. भय्याजींनी रेडिओचा विषय दोनदा काढला आणि दोन्ही वेळा घनश्याम पाणी प्यायला उठून गेला. लग्नानंतर देवका दर शनिवारी सायंकाळी होस्टेलातून पुस्तकांची पिशवी घेऊन शहापूरला यायची, दोन दिवस जेवायची, पडवीत अंथरूण टाकून मोठमोठ्याने रसायनशास्त्र पाठ करायची आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायची. चंद्रकला तिला शुक्रवारीच निरोप धाडत असे, की येताना हरभऱ्याची भाजी घेऊन ये, इथं चांगली मिळत नाही.