अंगणवाडीच्या वहीतला परशुराम

विषय : अंगणवाडीच्या नोंदवहीतून माझे नाव कमी करणेबाबत.
संदर्भ : मी स्वतः. (सहपत्र म्हणून अर्जासोबत जोडला आहे.)

उपरोक्त विषयास अनुसरून सांगायचं ते असं, की मी परशुराम बोलतोय. वय महिने सात, वजन पावणेतीन किलो, दात आलेले नाहीत, येण्याची शक्यताही नाही. मी बाहुला आहे. माझ्याकडे नीट पाहणाऱ्या कोणालाही ही गोष्ट तत्काळ कळते. अडचण एवढीच झाली, की नीट पाहायला पाच महिने कोणी आलं नाही.

माझा जन्म मिठबावच्या अलीकडे, खाडीपलीकडच्या ‘एकमेळ’ नावाच्या वस्तीत झाला. पुण्यामुंबईच्या पंधराएक शिकलेल्या माणसांनी नोकऱ्या सोडून तिथे एकत्र संसार मांडला आहे. चूल एक, विहीर एक, शेत एक आणि मतं पंधरा. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही करायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. संध्याकाळी ती गोल बसतात. मध्ये एक शंख असतो. ज्याच्या हातात शंख, त्याने बोलायचं. भातात मीठ किती घालावं यावर एकदा चार संध्याकाळी शंख फिरला आणि तेवढे दिवस सगळ्यांनी अळणी भात खाल्ला. खोटं बोलायचं नाही, हा दुसरा नियम. मला भोवला तो दुसरा.

या मंडळींच्या मनात सुईणपण शिकायचं आलं. शिकवायला त्यांनी शेजारच्या वाडीतल्या शेवंतीला बोलावलं. शेवंती सत्तरीची. अर्धा गाव तिच्या हातावर जगात आला आहे आणि ती ते कोणाला विसरू देत नाही. सरपंचांचं नाव निघालं की म्हणते, “तो पायाकडसून इलेलो. कारभार अजून तसोच आसा.”

पहिल्या दिवशी मंडळी वह्या उघडून बसली. शेवंती म्हणाली, “पयलो धडो. गाडयेचो नंबर पाठ करा. बाळंतपण दवाखान्यात. गाडी येयसर आपलो हात तिच्या पाठीर. गाडी चिखलात रुतली, तर मगे माझो दुसरो धडो.”

दुसऱ्या धड्यासाठी मी. तिने आपल्या जुन्या लुगड्याचं अंग शिवलं, उकडे तांदूळ भरले आणि डोक्याच्या जागी सोललेला नारळ बसवला. नारळाचे तीन डोळे बरोबर टाळूवर आणले. सुईणीला आतलं दिसत नाही. बोटाला टाळू लागली की पोराचं तोंड कुठे आहे ते कळतं. बेंबीला नाळ म्हणून हातभर सुती दोरी लावली. सगळं मिळून वजन तीन किलो. माझी आई म्हणजे बूड काढलेली वेताची टोपली. तिच्या तोंडावर ट्रकच्या ट्यूबचं रबर ताणून मधे चीर दिलेली. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून लोक सुटायला बघतात. मी त्या एकाच टोपलीतून दिवसाला सहा वेळा जन्मत होतो.

शिकणारी माणसं चार. संगणकाची नोकरी सोडून आलेला कौस्तुभ, त्याची बायको अक्षया, बासरी वाजवणारा ओंकार, आणि समीक्षा. समीक्षा देवबागची. तिचा बाप गणपत स्वतःची होडी घेऊन समुद्रावर जातो. तिला नर्सिंगचा कोर्स करायचा होता, बापाला तिचं लग्न. शेवटी दोघांत वर्षाचा वायदा झाला होता. वर्षभर शेवंतीकडे राहून तिचा हात बसला, तर बाप कोर्सच्या फॉर्मवर सही करील. नाही बसला, तर तळाशीलच्या स्थळाला होकार. म्हणजे बाकीचे तिघे आत्मशोधासाठी माझं डोकं धरत होते आणि ही पोरगी आयुष्यासाठी.

फरक मला डोक्यालाच कळायचा. ओंकार मला बाहेर काढण्याआधी माझी परवानगी मागायचा. कौस्तुभ मला एकदा अर्धा बाहेर ठेवून, पुढे कोणी धरायचं यावर सर्वांचं मत घेत बसला. शेवंतीने थोडा वेळ पाहिलं, मग म्हणाली, “तुमचा एकमत होयसर पोर शाळेत जायत.”

अंगाला पोराच्या वजनाची सवय व्हावी म्हणून प्रत्येकाने मला आठवडाभर जवळ बाळगायचं, असाही तिचा दंडक होता. अक्षया मला विहिरीवर विसरून गेली. ओंकारने मला उशाला घेतलं. समीक्षा मात्र मला खांद्यावर टाकून एका हाताने भांडी घासायची आणि मान कलंडली की न बघता सावरायची.

शिक्षण पुरं व्हायला बारसं झालंच पाहिजे, असं शेवंतीने सांगितलं. सुईणीची ओटी बारशाला भरतात. ओटी नाही तर सुईण नाही. कार्तिकात माझं बारसं झालं. नाव ठेवायला शंख फिरला. कौस्तुभला ‘निसर्ग’ हवं होतं, अक्षयाला नावच नको होतं, मुलाने मोठेपणी आपलं आपण ठेवावं असं ओंकारचं मत पडलं. पडवीतून शेवंती ओरडली, “परशुराम घाला नि घुगऱ्यो वाढा, थंड होतत.” मी परशुराम झालो.

वाडीतल्या बायका आल्या, पाळणा म्हणाल्या, बाहुल्याला काजळ लावताना पोट धरून हसल्या आणि घुगऱ्या खाऊन गेल्या. त्या गेल्यावर संजनाताई पोचल्या. संजनाताई अंगणवाडीच्या सेविका, इन्सुलीकडून नव्यानेच बदलून आलेल्या. मी तोपर्यंत पाळण्यात, तोंडावर फडकं. झोपलेल्या पोराचं तोंड परक्याने उघडून पाहू नये, दृष्ट लागते, ही रीत संजनाताईंना पाठ. त्यांनी फडक्याला हात लावला नाही. वही काढली आणि कौस्तुभला विचारलं.

“नाव?”

“परशुराम.”

“वजन?”

“तीन किलो.”

“छान आहे. आई कोण?”

“इथे मूल सगळ्यांचं असतं.”

“तसं नको. सांभाळतं कोण?”

“या आठवड्यात समीक्षा गणपत.”

“वडील?”

“त्याची गरज पडली नाही,” कौस्तुभ म्हणाला, आणि तेही खरंच होतं. संजनाताईंनी त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. ती रेघ पुढे देवबागला समीक्षाच्या घरी पोचली.

खाडीवरची होडी वेळेवर मिळत नाही, म्हणून संजनाताई दर महिन्याला फोन करू लागल्या. कौस्तुभला याचं भारी कौतुक. सरकार सरावाच्या बाहुल्याचीसुद्धा चौकशी करतं म्हणजे देश सुधारतोय, असं तो संध्याकाळी शंख हातात घेऊन म्हणाला. फोनवर तो एक अक्षर खोटं बोलला नाही.

“वजन किती झालं?”

“तीनच किलो.”

“वाढलं नाही? रडतो का?”

“कधीच नाही.”

“हातपाय हलवतो?”

“आम्ही हलवले तर.”

मी कमी वजनाच्या यादीत गेलो, मग अतिकमी वजनाच्या. माझ्यासाठी पोषण आहाराची पाकिटं येऊ लागली. ती कोणी खायची यावर एकमत झालं नाही, म्हणून फळीवर रचून ठेवली. समीक्षाला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोन कौस्तुभकडे यायचा आणि ती दिवसभर टोपलीसमोर बसलेली असायची.

चैत्रात उंदराने माझा डावा पाय कुरतडला. पाव किलो तांदूळ गेले.

“पावणेतीन,” कौस्तुभने फोनवर सांगितलं.

“कमी झालं? अहो, कशाने?”

“डावा पाय उंदराने खाल्ला.”

संजनाताईंनी फोन ठेवला नाही, टाकला. दुसरा उचलून देवबागला लावला, कारण वहीत आजोबा म्हणून गणपतचा नंबर होता. मग गाडी मागवली.

गणपत आणि संजनाताई एकदमच अंगणात उतरले. गणपतच्या हातात पिशवी, पिशवीत मोरीचे तुकडे. मोरी म्हणजे लहान मुशी, शार्क मासा. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात.

“काशीबायन मोरी धाडल्यान हा,” तो म्हणाला. काशीबाई म्हणजे समीक्षाची आई. मग रागवायचं राहून गेलं हे ध्यानात येऊन रागावला. “माझ्या नातवाक उंदीर खाता नि तुमी हंयसर गोल बसतास?”

इतक्यात समीक्षा मागच्या दाराने मला खांद्यावर घेऊन आली. “बाबा? तुमी कित्याक इलात?”

संजनाताईंनी मला तिच्याकडून ओढून घेतलं, तोंडावरचं फडकं काढलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. गणपत पुढे झाला. त्याने मला दोन्ही हातांवर घेतलं, वजन पाहिलं, डोकं बोटाने वाजवलं.

“हेच्या डोक्याक नारळ आसा,” तो म्हणाला.

त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. एकमेळमध्ये बिनशंखाचं हे पहिलं एकमत.

सगळा उलगडा झाल्यावर गणपतला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. “चार म्हयने तुझी आवस खाली मान घालून मासे इकता. एका बावल्यापायी. चल, कपडे भर. तळाशीलवाले अजून थांबले आसत.”

समीक्षाने मला बापाच्या हातातून परत घेतलं आणि माझा फाटका पाय हाताने दाबून धरला, तांदूळ सांडू नयेत म्हणून.

“घेवन जा,” शेवंती पडवीतून म्हणाली. “पण काय घेवन जातस ता आधी बघ.”

तिने मला खोबरेल तेलाने माखलं, पायाला टाका घातला, नाळेचे दोन वेढे मानेला दिले आणि टोपलीत कोंबलं. “डोक्या इला. नाळ मानेक आसा. गाडी रुतली. चल गो.”

कौस्तुभ शंख आणायला उठला. “बस थंयच,” शेवंती म्हणाली.

समीक्षाने डोळे मिटले. तिचं बोट माझ्या टाळूवर आलं, नारळाच्या तीन डोळ्यांवरून फिरलं. “तोंड खाली आसा,” ती म्हणाली. मग ते बोट मानेशी गेलं. तिने ओढलं नाही, घाई केली नाही. एक वेढा सैल करून डोक्यावरून काढला, मग दुसरा. एक खांदा, दुसरा खांदा. तेलाने मी माशासारखा निसटता झालो होतो. तिने मला आवळलंही नाही आणि सोडलंही नाही. मी अलगद तिच्या मांडीवर आलो. इतक्या जन्मांत इतका सुखाचा जन्म मला दुसरा आठवत नाही.

गणपत माझ्याकडे बघत नव्हता, मुलीच्या हातांकडे बघत होता. होडीवर नवा गडी आला की पहिल्या दिवशी त्याचे हात बघतात, तसा. समीक्षाने नाळेला दोन ठिकाणी दोरा बांधला. तेव्हा तो खाली बसला.

“ही गाठ सुटतली. दोरी तेलकट आसा. अशी मार.”

त्याने जाळ्याच्या दोरीला मारतात ती गाठ मारून दाखवली. शेवंतीने ती तीनदा ओढून पाहिली. सुटली नाही. पन्नास वर्षांत शेवंतीला कोणी गाठ शिकवली नव्हती. “चलता,” एवढंच ती म्हणाली. समीक्षाने तीच गाठ दुसऱ्या बाजूला मारली. बापाने ओढून पाहिली, परत ओढून पाहिली.

“फॉर्म खंय आसा?” त्याने विचारलं.

सही झाली. मोरी सामाईक चुलीवर शिजवावी की नाही यावर शंख फिरू लागला, तोवर शेवंतीने ती आपल्या घरी शिजवून वाढलीसुद्धा.

गोष्ट इथेच संपायची. पण कोर्सच्या फॉर्मवर ‘अपत्ये’ असा रकाना होता. समीक्षाने शून्य लिहिलं. सरकारी नोंदीत एक होतं. फॉर्म परत आला. आधी नोंद दुरुस्त करून आणा.

संजनाताई भली बाई. चूक आपली म्हणाल्या, न फोडलेली पाकिटं मोजून परत घेतली आणि समीक्षाला घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाला मी दोष देणार नाही. नाव कमी करायच्या नमुन्यात कारणं चारच होती : वय पूर्ण, स्थलांतर, दुबार नोंद, मृत्यू. ‘बाहुला’ असं कारण नव्हतं.

“मृत्यू लिहा,” तो म्हणाला. “लवकर निकाली निघेल.”

ही बातमी देवबागला गेली. काशीबाईने फोनवरच सांगितलं, “लेकीच्या नावार मेलेला पोर लावूचा नाय. बावलो असलो म्हणान काय झाला?”

स्थलांतर लिहायला कौस्तुभ तयार नव्हता, कारण मी कुठेच गेलो नव्हतो. मग संजनाताईंनी कोऱ्या कागदावर सरळ अर्ज लिहिला : सदर बालक हे बालक नसल्याने नाव कमी करावे. कारकुनाने तो दोनदा वाचला.

“पुरावा?”

समीक्षाने मला टेबलावर ठेवलं. त्याने मला उलटंपालटं केलं, टाळूवर टिचकी मारली आणि माझ्या पोटावर ‘आवक’चा शिक्का उमटवला. खाली क्रमांक, तारीख आणि झोकदार सही. मी सहपत्र झालो. सहपत्र परत देता येत नाही, म्हणून तेव्हापासून मी इथे कपाटात, दोन फायलींच्या मधे आहे.

माझी तक्रार नाही. कपाट कोरडं आहे. तांदळाला टोके झाले आहेत, ते रात्रंदिवस सोबत करतात. वाडीत शेवंतीने नवी बाहुली शिवल्याचं कळतं. तिचं बारसं करायचं नाही असं ठरलं आहे, एकमताने. समीक्षा दर सोमवारी पहिल्या होडीने खाडी ओलांडून, एसटीने इथे येते, बाकावर बसते, हात मांडीवर ठेवते. कोणी विचारलं तर सांगते, परशुरामाचं काय झालं ते बघायला आले. तुमच्यापैकी कोणाचं या कार्यालयात काम निघालं, तर तिसऱ्या कपाटातली वरून दुसरी फाईल पुढे सरकवायला सांगा. माझ्यासाठी नको. मी अजून कितीही वर्षं सात महिन्यांचा राहू शकतो.

प्रवेशाची शेवटची तारीख तीस जून आहे. आज अठरा जून. साहेब प्रशिक्षणाला गेले आहेत. अर्ज प्रलंबित आहे.